पान एक्क्याण्णव

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. पण भरे गावात मला कुणी कादंबरी म्हणत नाही, पोथी म्हणतात. हा मान मी मागून घेतलेला नाही. तो माझ्या गळ्यात पडला आणि त्यापायी मी एकदा नदीत बुडता बुडता वाचले.

छापली गेले पुण्यात. इथल्या शाळेच्या कपाटात दोन वर्षं धूळ खाल्ली. मग १९५८ साली सगुणाबाईंचा जयसिंग मला घरी घेऊन गेला. दुपारी आई तांदूळ निवडायची आणि तो मोठ्यानं वाचायचा. सगुणाबाईंना अक्षरओळख नव्हती. मोठ्यानं वाचतात ती पोथीच, अशी त्यांची समजूत. म्हणून त्या हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन ऐकायला बसत आणि नंतर मला लाल फडक्यात बांधून ठेवत. जयसिंग हसायचा. मला मात्र हे फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

माझ्यात एका नावाड्याच्या बायकोची गोष्ट आहे. नवरा पुरात नाव घेऊन गेलाय आणि ती काठावर वाट पाहतेय. तिथं, एक्क्याण्णवाव्या पानावर, जयसिंगनं खुणेला भाताची पात ठेवली आणि तो लावणीला गेला. बांधावर त्याला साप चावला. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

दहाव्याला त्याचे काका हैबतराव मलाही त्याच्या अंथरुणासोबत नदीवर घेऊन आले. अर्धी राहिलेली पोथी घरात ठेवू नये, नदीत सोडावी, असं त्यांचं म्हणणं.

पिंड ठेवले. समोरच्या उंबरावर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. वहिनीला अंतर देणार नाही, असं हैबतरावांनी हात जोडून सांगितलं. मग बैलांचं नाव काढलं, शेताचं काढलं. कावळे जागचे हलले नाहीत. दुपार टळायला लागली. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला आणि हैबतराव मला उचलून पाण्यात उतरले.

सगुणाबाई काठावर बसल्या होत्या. त्या उठल्या, गुडघाभर पाण्यात गेल्या आणि मला दिराच्या हातून ओढून घेतलं.

"जयसिंगा, तुजी पोथी मी पुरी करते. तू जा आता."

कावळा खाली आला. त्याला काय कळलं ते मला विचारू नका. मला एवढंच ठाऊक होतं, की या बाईला वाचता येत नाही.

शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवतो म्हटलं. शब्द मी दिलाय, असं म्हणून सगुणाबाईंनी ते मानलं नाही. पहिलीच्या पोरांमागं पाटी घेऊन त्या वर्षभर बसल्या. गावानं हसून घेतलं.

मग एका दुपारी त्यांनी ती वाळलेली पात बाजूला केली आणि ओळीवर बोट ठेवलं. मी धास्तावले. छापलेलं अक्षर मागं घेता येत नाही, नाहीतर त्या दिवशी मी घेतलं असतं. नावाडी परत येत नाही. सगुणाबाईंनी ते वाचलं आणि मला फटकन मिटलं.

चार दिवस मी फडक्यात होते. पुन्हा नदी दाखवतात की काय, हाच घोर. पाचव्या दिवशी त्यांनी हातपाय धुतले. पुढच्या पानांत ती बाई स्वतः वल्हं हाती घेते. रडत रडतच लोकांना पैलतीरी नेते.

"हिचा बी न्हाई आला," सगुणाबाई हळूच म्हणाल्या. मग वर्षभर अडलेलं रडू त्यांनी माझ्यावर रडून घेतलं. ते डाग अजून आहेत.

पुरी वाचून झाल्यावर त्यांनी मला शाळेच्या कपाटात परत ठेवलं. पुढं गावात कुणाचं माणूस गेलं, की सगुणाबाई मला तिथून काढून त्या घरी जात आणि वाचत. आता त्या राहिल्या नाहीत. कपाटाला कुलूप आहे आणि तळाशी वाळवी लागली आहे.

मित्रांनो, कुलूप तेवढं काढा. मला झटका, उन्हात ठेवा, वाचा. पण एक्क्याण्णवाव्या पानावर भाताची वाळकी पात सापडेल, ती केर म्हणून टाकू नका. तिथपर्यंत जयसिंगनं वाचलं होतं.