वास येतोय, मग झालं

मी भाजी धुण्याची टाकी बोलतेय. अंगाने स्टीलची, पोटाने मोठी आणि मनाने आता पार विटलेली. या पॅकिंग शेडमध्ये मला भिंतीला लागून बसवलं, तेव्हा मालक माझ्यावर हात फिरवून म्हणाला होता, "हिच्यातून निघालेलं पान थेट तोंडात टाकावं!" सगळ्यांनी ते खरं मानलं. तिथेच घात झाला.

माझं काम नीट सांगते, कारण ते फार थोड्यांना ठाऊक असतं. माझ्या पाण्यात क्लोरीनचं औषध घालतात. त्याने खराब पान अगदी निर्धोक होतं, असं समजू नका. पानाला घट्ट चिकटलेले जंतू औषधालाही दाद देत नाहीत. पण जे सुटून पाण्यात उतरतात, त्यांना औषध तिथल्या तिथे मारतं, शेजारच्या चांगल्या पानावर जाऊ देत नाही. औषध संपलं, की एका पानाची घाण मी सगळ्यांना वाटत सुटते.

माझ्यापाशी दोघी जावा कामाला. थोरली माझ्यात क्रेट ओतायची, धाकटी पलीकडे बसून धुतलेली पानं निवडायची. थोरली तोंडाची फटकळ, पण धाकटीवर जीव टाकायची. बऱ्याच वर्षांनी धाकटीला दिवस गेले, तेव्हापासून तर तिला साधी बादलीही उचलू देत नव्हती.

पाण्यात औषध किती उरलंय हे बघायला कागदाची पट्टी असते. बुडवायची आणि रंग बघायचा. पण तेवढ्यापुरतं काम थांबलं तरी सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "पट्टी कशाला? वास येतोय ना, मग झालं!" मग थोरली माझ्यावर वाकून हुंगायची. "येतोय की! डोळे चुरचुरतायत नुसते."

अहो, तोच तर घोळ होता! माती आणि पानांचा रस औषधाला खाऊन टाकतात. मागे जे उरतं त्याला वास जास्त आणि जोर जवळपास नाही. मला वाचा असती तर ओरडून शेड डोक्यावर घेतली असती.

एकदा चिखलाने माखलेला क्रेट आला. त्याच्यामागून स्वच्छ माल यायचा होता. मधे पाणी बदलायला हवं होतं, पण गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. थोरलीने हुंगलं आणि एकामागून एक सगळे क्रेट ओतले. नंतरच्या क्रेटमधलं एक कोवळं पान तिने धाकटीपुढे धरलं.

"खा गं. औषधाच्या पाण्यातलं आहे. बाळाला चांगलं."

"तुम्ही मला बकरी करणार, ताई," धाकटी हसली आणि तिने ते खाल्लं.

काही आठवड्यांनी तिला ताप भरला. बाळ पोटातच गेलं. डॉक्टरांना तिच्या रक्तात जे जंतू मिळाले, तेच तपासणीवाल्यांना माझ्या जोडाच्या फटीत सापडले. मला रिकामं करून घासघासून धुतलं. सुपरवायझरला घरी बसवलं. माझ्या जिवाला मात्र तेव्हापासून चैन नाही.

धाकटी आता परत कामावर येते. पट्टी तीच बुडवते.

"ताई, रंग बघा."

"बरोबर आहे."

"मग ओता."

दिवसभरात दोघींचं एवढंच बोलणं होतं.

माणसांनो, माझ्या चकाकीवर भुलू नका. माझं पाणी वेळेवर बदला, पट्टी बुडवा, नाकाला विचारू नका. आणि माझ्यातून निघालं म्हणून कुणाला पान भरवू नका.

थोरलीचा हात अजूनही चुकतो. कोवळं पान दिसलं की बोटं ते आपसूक उचलतात, धाकटीच्या दिशेने निघतात आणि मधेच थांबतात. धाकटी मान वर करत नाही. मग थोरली ते पान हळूच परत माझ्या पाण्यात सोडते.