पिवळ्या पानांचा जबाब

तपासणीवाले साहेब, तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत. 'पाणी निर्दोष. वेल सडकी, उपटून टाकावी.' ती सडकी म्हणजे मी. आता माझंही ऐकाच.

मित्रांनो, मी एक जुनी पाणवेल आहे. वरच्या तळ्यात मासे पाळलेले, खालच्या तळ्यात मी. माशांची घाण पाटाने माझ्याकडे यायची, मी ती पचवायची आणि निवळलेलं पाणी पंप पुन्हा वर चढवायचा. म्हाताऱ्या मालकांनी गुडघाभर चिखलात उभं राहून मला लावलं होतं. "ही आपली बिनपगारी झाडूवाली," ते कौतुकाने म्हणायचे.

मग कारभार मुलाकडे गेला. तो माशांच्या खाद्याला तेल लावून वर प्रतिजैविकाची पूड चोळू लागला.

"अरे, मासे आजारी आहेत का?"

"पडू नयेत म्हणून, बाबा. तुमच्या वेळी हे नव्हतं."

"माझ्या वेळी मासे आजारीही पडत नव्हते!"

बरंचसं औषध पाण्यातून खाली माझ्याकडे आलं. माझ्या पानांतले हिरवे कण म्हणे जंतूंचेच दूरचे भाऊबंद. जंतू मारणाऱ्या औषधाने त्यांनाही सोडलं नाही. मी पिवळी पडले, मुळं आखडली. घाण पचेना, पाण्याला प्राणवायू देता येईना. एका सकाळी मासे तोंडं वर काढून धापा टाकू लागले. मुलगा ओरडला, "रोग आला!" आणि त्या शहाण्याने पूड दुप्पट केली.

साहेब, माशांना काय झालं ते तपासायला तुम्ही आलात, तेव्हा म्हातारे तुम्हाला माझ्याकडे आणत होते. बुटांना चिखल लागेल म्हणून तुम्ही अर्ध्यातून फिरलात. सूनबाईंनी हात धुवायला नळ दाखवला, तिथेच तुम्ही नमुन्याची बाटली भरलीत.

"साहेब, हे विहिरीचं पाणी. हे अजून तळ्यात गेलंच नाही."

"आजोबा, पाणी ते पाणी. मला अजून चार ठिकाणी जायचंय."

त्याच दिवशी म्हाताऱ्यांनी माझी एक फांदी खुडून त्याच नळाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवली. काल तिला पान फुटलं. हिरवंगार.

उद्या मला उपटणार आहेत. मित्रांनो, उपटलेली वेल बोलत नाही, म्हणून ती बादली नीट सांभाळा. आणि साहेब, वेल तीच, पाणी तेवढं बदललं. मग सडलं होतं कोण? बाटली तळ्यावर का भरली नाहीत? सही ठोकून मोकळे झालात, तशीच सही करून उत्तर द्या. उद्या मला उपटायच्या आधी.