दोन्ही डाव्या

डावीबाईंनी प्रश्नपत्रिकेवरची नजर न हलवता उजवा हात उचलला, कोपरात वाकवला आणि हवेतल्या बाहीत अलगद घातला. बाही बरोबर बसली. त्यांनी ‘सारख्या’ या चौकटीत खूण केली.

“ताई, पेपर लिहिताय की सदरा घालताय?” शेजारून धाकटी जाऊ कुजबुजली.

“तू आपलं बघ.”

शिवणकारखान्यात कटिंगच्या टेबलावर एकच जागा रिकामी झाली होती. बारा वर्षं काजं-बटणं करून कंटाळलेल्या डावीबाईंना ती जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती. त्यासाठी ही परीक्षा. ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या वीस जोड्या. दुसरी आकृती म्हणजे पहिलीच फिरवलेली, की आरशातली उलटी, एवढंच ओळखायचं. वीसपैकी अठरा बरोबर यायला हवेत.

ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. जाऊ एकेक ठोकळा बोटांवर मोजत होती. कागद फिरवायला मनाई होती, म्हणून इस्त्रीवाला स्वतःच फिरत होता. दहाव्या प्रश्नाला त्याचा कान टेबलाला टेकला.

डावीबाईंना मात्र ठोकळे दिसतच नव्हते, बाह्या दिसत होत्या. कामाला लागल्या त्याच आठवड्यात त्यांनी चाळीस सदऱ्यांच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या. तेव्हापासून काजं-बटणं नशिबी आली आणि हे नाव कायमचं चिकटलं. पण तेव्हापासूनच कुठलीही बाही दिसली की मनातल्या मनात हात घालून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

“बाई, हात खाली,” परीक्षा घेणारे तरुण साहेब म्हणाले. पेपर त्यांनीच काढला होता.

“हात खाली ठेवला तर डोकं चालत नाही, साहेब.”

निकाल तिथल्या तिथे लागला. जाऊला बारा. इस्त्रीवाल्याला नऊ, शिवाय आखडलेली मान. डावीबाईंना सतरा.

“थोडक्यात हुकलं हो,” साहेब म्हणाले.

डावीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या उठल्या, पण पाय निघेना.

“कुठले तीन चुकले, बघू?”

पहिले दोन त्यांनी मुकाट्याने मान्य केले. तिसऱ्यावर त्यांचं बोट थांबलं.

“हा नाही चुकला. ही उजव्या हाताची, ही डाव्या. सारख्या कशा होतील?”

“माझ्याकडच्या उत्तरात ‘सारख्या’ आहे.”

“हात घालून बघा ना.”

साहेब हसले. मग कुणी बघत नाही असं समजून त्यांनी डावा हात टेबलाखाली वाकवला. एकदा असा, एकदा तसा. मग उजवा. हळूहळू त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पेन उघडलं आणि सतराचे अठरा केले.

“चूक माझी झाली,” ते पुटपुटले.

डावीबाईंनी पदराने डोळे पुसले.

“होतं असं, साहेब,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीला सगळ्यांच्याच दोन्ही डाव्या होतात.”