पाहिल्याशिवाय नाही

दहा मजली इमारतीच्या गच्चीवर वारा तिचा पदर टिकू देईना. तिने तो कमरेला घट्ट खोचला आणि नवऱ्याच्या मागोमाग जिन्यातून वर आली. पुढे कठड्याजवळ तिचा धाकटा भाऊ दोर बांधत बसला होता.

नवरा आणि भाऊ, दोघंही उंच इमारतींच्या काचा पुसणारे. या कामात एक नेम असतो. पट्ट्याला दोराची गाठ आपली आपण मारायची, पण जोडीदाराने ती बोटांनी चाचपून "पाहिली" म्हटल्याशिवाय कठड्यापलीकडे पाय टाकायचा नाही. दोन वर्षांपूर्वी नवरा न पाहताच "पाहिली" म्हणाला होता. ऊन चढत होतं, घाई होती. गाठ सुटली आणि भाऊ दुसऱ्या मजल्यावरून खाली पडला. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं.

भाऊ सहा महिन्यांत उठला. नवरा मात्र चालताबोलता असून उठलाच नाही. दोराला हात लावेना. घरातली कपडे वाळत घालायची दोरी सुटली, तर महिनाभर तो तिच्याखालून वाकून जात राहिला. ती रोज ताट वाढून समोर बसायची, टोचून एक शब्द बोलायची नाही. देवाजवळ मागणं एकच, यांना उठव. शेवटी तिनेच भावाला निरोप धाडला आणि "डबा पोचवायला सोबत चला" असं खोटं सांगून नवऱ्याला इथे आणलं.

भावाला पाहताच नवरा मागे वळला.

"दाजी, पळता कुठे? जोडीदार आला नाही माझा. गाठ बघा."

"दुसऱ्या कुणाला सांग."

"कुणाला? ताईला? तिला सुईदोऱ्याची गाठ धड येत नाही!"

"मेल्या!" ती म्हणाली.

"भिंतीला चिकटतो म्हणून मला पाल म्हणायचात ना, दाजी? पालीची शेपटी तुटली तरी उगवते. माझाही पाय उगवला, जरा आखूड निघाला एवढंच."

नवरा जिन्याची पायरी उतरला. तसा भाऊ कठड्यावर चढला आणि त्याने एक पाय पलीकडे टाकला. हे ठरलेलं नव्हतं.

"बघत नसाल तर असाच उतरतो."

"पाय आत घे!"

दोन वर्षांत नवऱ्याचा एवढा आवाज तिने ऐकला नव्हता. तो धावत आला, गाठ मुठीत धरली.

"पाहिली?" भावाने विचारलं. "बोला की, ऊन चढतंय."

म्हणा हो, तिला वाटलं, एकदा म्हणून टाका.

"नाही," नवरा म्हणाला.

"बरोबर आहे गाठ."

"असेल. मला दिसली नाही. डोळे भरलेत."

भावाने पाय आत घेतला. तिने खोचलेला पदर सोडून पुढे केला. नवऱ्याने डोळे कोरडे केले, मग दोराचा एकेक वेढा चाचपला.

"टोक चार बोटं बाहेर हवं. सोड, परत बांध."

"अजून तस्सेच खडूस," भाऊ पुटपुटला, पण गाठ सोडून परत बांधली.

नवऱ्याने पुन्हा सगळे वेढे चाचपले.

"पाहिली."

भाऊ उतरला नाही. त्याने पिशवीतून दुसरा पट्टा काढून पुढे धरला. नवऱ्याने बायकोकडे एक नजर टाकली, पट्टा कमरेला आवळला, गाठ मारली आणि ती मेहुण्यापुढे केली. भावाने ती चाचपायला बराच वेळ घेतला. ऊन चढत होतं, पण घाई कुणालाच नव्हती.