आजी रडत नाही

ऐकायच्या पुस्तकांना आवाज देणं हा तिचा धंदा. रहस्यकथा, प्रेमकथा, पुढाऱ्यांची चरित्रं, सगळं तिनं न अडखळता वाचलं होतं. या कादंबरीनं मात्र तिच्या नाकी नऊ आणले. एका आदिवासी घरातल्या तीन पिढ्यांच्या बायका. लहानपणीच घरातून उचलून सरकारी वसतिशाळेत कोंडलेल्या. आपली भाषा बोललं की छडी. तिची स्वतःची आईही अशाच शाळेत वाढलेली. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं.

स्टुडिओतल्या काचेपलीकडून निर्माता म्हणाला, "ताई, या आजीचं बोलणं जरा ओलं करा. ऐकणाऱ्याला रडू आलं पाहिजे."

"आजी रडत नाहीये. शिव्या देतेय."

"असेल. पण शिव्या ऐकायला पैसे कोण देणार? आणि ते त्यांच्या भाषेतलं वाक्य येत नसेल तर काहीतरी पुटपुटा. कुणाला कळतंय?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती भाषा तिच्या आईची होती, आणि तिला स्वतःला धड एक वाक्य येत नव्हतं.

घरी आई चादरींच्या घड्या घालत होती. तिनं त्या वाक्याचं पान आईपुढे धरलं. "हे कसं म्हणायचं?"

"मला नाही येत."

"येतं. झोपेत बोलतेस. लहानपणी तुझ्या आईच्या भाषेतला एक शब्द माझ्या तोंडून निघाला, तर थोबाडीत ठेवून दिलीस. का?"

आईनं चादर झटकली. "दुसऱ्या कुणी मारायच्या आत मीच मारलं. वाटलं, तेवढ्यावर निभावेल."

तिला राग आला, आणि तो काढायचा कुणावर तेच कळेना. आईनं पान हिसकावून घेतलं आणि ते वाक्य म्हटलं. मोठ्यानं, दातओठ खात. मग पुन्हा.

दुसऱ्या दिवशी तिनं ते अगदी तसंच वाचलं. निर्मात्यानं कानावरचा हेडफोन काढला. "फार कडू झालं. पुन्हा घ्या."

"तसंच राहील."

"मग मला दुसरी कुणी बघावी लागेल."

"बघा. गोड गळ्याच्या पुष्कळ मिळतील."

काम गेलं. कादंबरी तिनं सोडली नाही. रोज संध्याकाळी आईला वाचून दाखवू लागली. मास्तरणी पोरीला छडीनं मारते ते प्रकरण आलं तेव्हा आईच्या मुठी मांडीवर आवळल्या. तिनं पुस्तक मिटलं.

"मिटतेस कशाला?" आई खेकसली. "ती पोरगी त्या मास्तरणीला सोडते की नाही, ते कळू दे मला."