पान सतरा, तिसरी ओळ

नेरिमाने हातातला पुठ्ठ्याचा चौकोन हिरवळीवर ठेवला, पण त्यावर पाय दिला नाही. निळ्या कापडाच्या काठाशी ती हाताची घडी घालून उभी राहिली.

"ताई, पाय टाका ना!" न्योकाबीने तोंडातली शिट्टी काढून हाक मारली. "नदीला पूर आलाय. सगळ्या टीमला पलीकडे न्यायचंय!"

"पूर आलाय ना?"

"हो!"

"मग पुरात कोण उतरतं? ओसरेपर्यंत थांबायचं असतं."

"अहो, खेळ आहे हा!"

"खेळातसुद्धा मरायची मला हौस नाही, बाई."

कापडाची ही नदी नैवाशा तळ्याकाठच्या हॉटेलच्या हिरवळीवर अंथरली होती. खरं तळं दोन वर्षांत पुढे सरकत सरकत हॉटेलचं जुनं नाचघर गिळून बसलं होतं. त्याचं फक्त छप्पर पाण्याबाहेर उरलं होतं आणि त्यावर पाणकावळे पंख वाळवत होते. त्या तळ्याकडे पाठ करून नऊ देशांतली एकोणीस माणसं पुठ्ठ्यांवरून उड्या मारत होती. ही सगळी आफ्रिकेतल्या हवामान न्यायाच्या एका मोठ्या जाळ्याची पुढारी मंडळी. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा ठरवायला जमलेली. आराखडा ठरायच्या आधी मनं जुळावी लागतात, आणि मनं जुळायला पुठ्ठे लागतात, असं न्योकाबीचं शास्त्र. त्यासाठी तिला नैरोबीहून खास बोलावलं होतं.

अध्यक्ष डॉ. एफ्राइम न्यासुलू पाचव्या पुठ्ठ्यावर पोचले. मलावीचा हा धिप्पाड गृहस्थ आपल्या गावच्या चर्चचाही कारभारी होता आणि चालायचाही तसाच, देवाने वाट झाडून ठेवल्यासारखा. सहावा पुठ्ठा निसटला. अध्यक्ष नदीच्या ऐन मध्यात बसले.

"अध्यक्ष वाहून गेले!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या.

"सगळी टीम परत पहिल्या काठावर!" न्योकाबीने शिट्टी फुंकली.

अध्यक्ष आणखी दोनदा वाहून गेले. खेळ संपला तेव्हा नेरिमाची पंधरा मिनिटं त्यांच्याबरोबर वाहून गेली होती. कार्यक्रमपत्रिकेत साडेअकरापुढे छापलेलं होतं: 'नदीकाठच्या ठाण्यांचा अहवाल, नेरिमा'. त्यावर आता एक तिरकी रेघ होती.

या पंधरा मिनिटांसाठी ती रात्रभर बसने आली होती. बुदालांगीत, न्झोया नदी पश्चिमेकडच्या दुसऱ्या एका मोठ्या तळ्याला मिळायच्या आधी जिथे सपाट होऊन पसरते तिथे जाळ्याची तीन ठाणी होती. ठाणी म्हणजे काय, तर प्रत्येक ठिकाणी एक झोपडं, एक होडी, एक शिंग आणि आळीपाळीने जागणाऱ्या बायका. वर डोंगरात पाऊस झाला की वरच्या ठाण्यावरची बाई फोन करायची, खालच्या दोघी शिंग फुंकायच्या आणि माणसं गुरांसकट बांधावर चढायची. ठाणी नव्हती त्या वर्षी नेरिमा हातात काठी घेऊन तीन दिवस पाणगवतात धाकट्या बहिणीला शोधत हिंडली होती. नंतर तिने ठाणी उभी केली.

आणि आता आराखड्याच्या मसुद्यात, पान सतरा, तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: स्थानिक ठाण्यांचे टप्प्याटप्प्याने रूपांतर. इतर गावांची ठाणी गेल्या दोन वर्षांत अशीच रूपांतरित झाली होती. तिथे आता शेळ्या बांधतात. आज संध्याकाळी मसुदा मंजूर झाला की संपलं. पुढचं पान उघडणार पाच वर्षांनी. नदी एवढी थांबत नाही.

जेवणाच्या रांगेत तिने अध्यक्षांना गाठलं. त्यांच्या ताटात मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीचा डोंगर होता आणि त्याला टेकून अख्खा मासा.

"डॉक्टर, ठाणी का बंद करताय?"

"बंद कोण करतंय, नेरिमाताई? रूपांतर होतंय."

"कशात?"

"आवाजात. जागतिक परिषदेत आपला आवाज पोचला पाहिजे."

"माझ्या बायकांचा आवाज शेजारच्या गावात पोचला तरी पुरे आहे. तेवढ्यावर माणसं जगतात."

"तुम्ही भावनिक होताय." अध्यक्षांनी माशाचा डोळा शोधून काढला. "दुपारी मांडा विषय. सविस्तर मांडा."

दुपारी तिने हात वर केला. न्योकाबी गोड हसली. भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर लिहिलं होतं 'पार्किंग'. जो विषय अंगावर येईल तो पिवळ्या चिठ्ठीवर लिहून तिथे लावायचा, म्हणजे कुणाचं मन दुखत नाही आणि कुणाचं कामही होत नाही.

"फार महत्त्वाचा मुद्दा आहे, ताई. म्हणूनच पार्किंगमध्ये लावूया."

"मागच्या वर्षीही तिथंच लावला होता."

"अरे वा! म्हणजे सातत्य आहे."

पुन्हा हात वर केला तेव्हा गटचर्चा चालू झाली होती. तिसऱ्यांदा केला तेव्हा आपलं जाळं म्हणजे कोणतं झाड, यावर वाद पेटला होता. घानाच्या बाई बाओबाबवर अडून बसल्या होत्या, डाकारचा सेरीन बाभळीसाठी भांडत होता. अध्यक्ष म्हणाले, झाड कुठलंही घ्या, पण खोड मध्यभागी दाखवा. शेवटी बाओबाब ठरला. कारण तो भिंतीवरच्या कागदात मावला.

साडेचारला मसुदा पडद्यावर आला. एकेक पान भराभर सरकायला लागलं. सतरावं आलं आणि नेरिमा उठून उभी राहिली.

"माझी हरकत आहे."

"नोंद घेतली," अध्यक्ष म्हणाले. "चर्चेला वेळ नाही. पाच वाजता सभागृह सोडायचंय, दुसऱ्यांचं लग्नाचं बोलणं आहे इथं. बदल सुचवायचा असेल तर समारोपापर्यंत सूचक आणि अनुमोदक आणा. मग बघू."

तिने आजूबाजूला पाहिलं. घानाच्या बाई चष्मा पुसायला लागल्या. सेरीनने छताकडे पाहिलं. माणसं वाईट नव्हती. अध्यक्षांच्या सहीशिवाय त्यांतल्या कुणालाही परिषदेचं विमान दिसलं नसतं, एवढंच. नेरिमा खाली बसली. 

आभारप्रदर्शन झालं. आभारप्रदर्शनाचे आभार झाले. मग न्योकाबीने टाळी वाजवली.

"आता समारोपाची प्रार्थना! आज ज्यांचा आवाज आपण कमी ऐकला त्यांनाच हा मान देऊया. सर्वसमावेशकता म्हणतात ती हीच. नेरिमाताई?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी टोपी काढून छातीशी धरली आणि डोळे मिटले. एकोणीस माथी खाली गेली.

नेरिमा पुढे आली. तिने खोलीभर नजर फिरवली. त्या दिवसभरात पहिल्यांदाच तिला कुणी घड्याळ दाखवत नव्हतं.

"हे प्रभू," ती म्हणाली, "तू आज आम्हाला चहा दिलास, मासा दिलास. आमेन म्हणा."

"आमेन," खोली म्हणाली.

"आमचे अध्यक्ष आज तीनदा नदीत पडले आणि तीनदाही तू त्यांना कोरडं बाहेर काढलंस."

"आमेन!" अध्यक्षांचा आमेन जाडजूड होता, सवयीचा. प्रार्थनेत थोडी उसंत मिळाली की तो आपोआप बाहेर पडायचा.

"पण देवा, न्झोया कापडाची नाही. ती माझ्या धाकट्या बहिणीला, आझेनाथला, घेऊन गेली तेव्हा कुणी शिट्टी वाजवली नाही. तू पाहत होतास. त्याबद्दल आपलं दोघांचं बोलणं बाकी आहे, ते इथं काढत नाही."

कुणीतरी नाक ओढलं. न्योकाबीने एक डोळा किंचित उघडला आणि लगेच मिटला. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणारा माणूस दिसतो तो दुसऱ्या उघड्या डोळ्यालाच, आणि मग दोघंही अडकतात.

"प्रभू, पान सतरा बघ. तिसरी ओळ. तुझ्या लेकरांनी लिहिलंय की ठाणी बंद करायची. त्यांना क्षमा कर, त्यांनी नदी पाहिलेली नाही, तिच्यावरचे अहवाल पाहिलेत."

"आमेन," दोघंतिघं हळूच म्हणाले.

"तू म्हणालास, विश्वासाने मागा म्हणजे मिळालंच समजा. म्हणून आम्ही मागत नाही, सरळ आभारच मानतो. ती ओळ तू खोडलीस, आभार. तिन्ही ठाणी पाच वर्षं चालू ठेवलीस, आभार. खोडणाऱ्या हातांना तू बळ दिलंस. ज्याला हे मान्य नाही त्याने आत्ता तुझ्यासमोर तसं सांगावं."

ती थांबली. खोलीत पंख्याचा आवाज होता. तिने आणखी थोडा वेळ जाऊ दिला, देवाला गर्दीत नीट ऐकू यावं म्हणून असेल.

"कुणी काही सांगत नाही, प्रभू. तर मग सगळे मिळून म्हणा—"

"आमेन!" अध्यक्ष सगळ्यांच्या आधी गरजले. मग खोली गरजली. सेरीन दोन्ही तळवे उघडे धरून "आमीन" म्हणाला आणि ते तळवे चेहऱ्यावरून फिरवले. घानाच्या बाई तर तीनदा म्हणाल्या.

डोळे उघडले. माणसं एकमेकांकडे न बघता भराभर उठली आणि चहाच्या दिशेने गेली. नेरिमाने सँडलचा पट्टा सैल केला. ती पहिल्या खुर्चीवर टेकली.

कोपऱ्यातल्या टेबलावर मास्तर बुलिमो अजून लिहीत होते. तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेला हा माणूस बैठकीचं इतिवृत्त लिहायचा तेही हजेरीसारखंच. जे झालं ते सगळं, जसं झालं तसं.

"सर, एवढं एक ऐकून जा," मास्तरांनी दाराकडे निघालेल्या अध्यक्षांना थांबवलं. "पान सतरा, तिसरी ओळ वगळणे. एकमताने मंजूर. सूचक नेरिमाताई. अनुमोदक म्हणून तुम्हालाच घेतलंय."

"मास्तर! प्रार्थना होती ती."

"हो सर. पण तुम्हीच म्हणालात, समारोपापर्यंत आणा. विरोध आहे का असं विचारलं गेलं, थांबलंही गेलं. पहिला आमेन तुमचा." मास्तरांनी पेनाचं टोक कागदावर ठेवलं. "आमेन मागे घ्यायचा असेल तर तसं लिहितो. अध्यक्षांनी आमेन मागे घेतला. काय कारण लिहू?"

अध्यक्षांनी तोंड उघडलं. चर्चचा कारभारी त्या तोंडात आडवा उभा राहिला. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली.

"नावाआधी डॉक्टर लिहिलंय का?"

"लिहितो."

"लिहा. आणि हेही लिहा. पुढच्या वर्षापासून समारोपाची प्रार्थना अध्यक्षच करतील."

"ठीक आहे. सूचक तुम्ही." मास्तरांनी ओळ आखली. "अनुमोदक?"

अध्यक्षांनी मागे वळून पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. उरली होती एकटी नेरिमा.

तिने वाकून सँडलचा पट्टा लावला, पदर झटकावा तसं अंगावर गुंडाळलेलं खांगाचं कापड झटकलं आणि चहाबरोबरच्या गरम तळलेल्या मांडाझी संपायच्या आत पोचायला हवं म्हणून घाईने बाहेर पडली.