घरात जेवणारी माणसं

हौशीरामचा पत्ता गेला तो त्याच्या बायकोच्या खरेपणापायी.

अवसरी बुद्रुकच्या बयाबाईला खोटं बोलता येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि त्याचा गावाला ताप काही कमी नव्हता. त्या वर्षी रेशनकार्डांची तपासणी निघाली. दारात आलेल्या माणसानं विचारलं, "घरात जेवणारी माणसं किती?" बाईनं सासूकडं बघितलं, पोरीकडं बघितलं आणि सांगून टाकलं, "तिघी." नवरा बारा महिने नारायणगावचा टोमॅटो घेऊन दिल्ली नाहीतर कलकत्ता गाठणार, ढाब्यावर जेवणार. त्याच्या वाटचं धान्य उचलायचं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणं, असा तिचा हिशोब. त्या भल्या माणसानं मग कार्डावरचं हौशीरामचं नाव कमी केलं. करायला गेलं एक आणि झालं भलतंच!

हौशीरामला हे कळलं ते लायसन संपायला आल्यावर. पुण्याच्या एजंटानं कार्ड उलटंपालटं करून बघितलं.

"काका, यात तुमचं नावच नाही. राहता कुठं?"

"गाडीत."

एजंट हसला. हौशीरामनं मात्र खरं तेच सांगितलं होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, याचं ड्रायव्हर सीटच्या मागच्या फळीवर. कपडे, पांघरूण, दाढीचं सामान, सगळं तिथंच.

आता पत्ता नाही तर लायसन नाही, आणि लायसन नाही तर गाडी नाही. त्याचा मालक चांगदेवशेठ माणूस वाईट नव्हता, पण टोमॅटो कुणासाठी थांबतो का? "कागद घिऊन ये," शेठ म्हणाला, "नायतर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागंल, राव." गाडीशिवाय हौशीरामला दुसरं काही येत नव्हतं. शेती तर तो केव्हाच विसरला होता.

सकाळी मंचरला उतरून, स्टँडवर वडापाव खाऊन तो घरी आला. जाब विचारला असं म्हणवत नाही, नुसतं विचारलं.

"माझं नाव का काढलं?"

"तुमी जेवता कुठं हितं?"

"म्हणून नावच काढायचं?"

"त्यानं जेवणारी माणसं इचारली. नवरा हाय का, असं इचारलं आसतं तर हाय म्हणले आसते."

हौशीरामला राग यायला हवा होता. तो काही येईना. वाईटही वाटेना. रात्रभर गाडी चालवून पाय बधिर होतो, तसं त्याला आतून झालं होतं, आणि तेही आजचं नव्हतं. तो उठला आणि चावडीत तलाठ्याकडं गेला.

तलाठी म्हणाला, मी घरी येतो, चौकशी करतो, तुम्ही इथं राहता असं दिसलं तर दाखला देतो. सरकारचं शहाणपण बघा. घरी राहतो असा कागद मिळवायचा, तो कशासाठी, तर पुन्हा घर सोडून जाता यावं म्हणून.

दुपारी तलाठी आला. आधी त्यानं शेजारच्या कुशाबाला हटकलं.

"हे इथं राहतात का?"

"ऱ्हातो की! आमचाच हाय त्यो."

"शेवटचं कधी बघितलं?"

कुशाबानं डोकं खाजवलं. "आत्ताच," तो म्हणाला.

तलाठ्यानं बयाबाईकडं मोर्चा वळवला. "बाई, तुम्ही सांगा. हे घरात राहतात?"

हौशीरामनं मान खाली घातली. ही बाई खोटं बोलणार नाही, आणि खरं बोलली तर आपली गाडी गेली, हे त्याला कळून चुकलं. बयाबाई पदर खोचून उठली.

"बसा भाऊसाहेब. जेवल्यावर सांगते."

तिनं भाकरी थापल्या, पिठलं टाकलं, दोन ताटं मांडली. तलाठी नको नको म्हणत बसला, हौशीराम दुसऱ्या ताटावर बसला. हौशीरामनं अर्धी भाकरी खाल्ली तेव्हा ती म्हणाली, "हां, आता लिवा. घरात जेवणारी माणसं चार."

तलाठ्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण त्यानं डाव्या हातानं पिशवी जवळ ओढली. जेवण होताच, कागदाला खरकटं लागू नये म्हणून हात रुमालाला पुसला आणि दाखला लिहिला. राहणार अवसरी बुद्रुक, कायमचा रहिवासी. सही केली, शिक्का मारला. गाडी वाचली. हौशीरामनं डाव्या हातानं कागद खिशात घातला. आनंद व्हायला हवा, असं त्याच्या मनात आलं.

तलाठी उठला आणि घरधनी म्हणून त्यानं हौशीरामलाच विचारलं, "हात कुठं धुवायचे?"

हौशीराम स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडं वळला. तिथली मोरी बुजवलेली होती, वर धान्याची कोठी उभी होती. हे कधी झालं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानंही कधी विचारलं नव्हतं. बधिर पायाला जाग येताना उठते तशी कळ त्याच्या आत उठली. खरकटा हात तसाच धरून तो बयाबाईकडं बघत राहिला.

"मागल्या दारी," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन दोघांनाही वाट दाखवायला पुढं झाली.